हृदय बदललं, मग विषाणू आला, आता धमन्या अरुंद : संबंध काय?

गोदाकाठ | सोमवार, सकाळी ११:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि भटकंतीच्या धाग्यांवर असते, आज विषय वेगळा आहे.

माझ्या थोरल्या भावाचं हृदय प्रत्यारोपण चेन्नईला झालं. डायलेटेड कार्डिओमायोपथी होती, म्हणजे हृदय फुगून कमजोर झालेलं, चाळिशीच्या आतच पंपिंग १५ टक्क्यांवर आलं होतं. ऑपरेशन छान झालं. दादा नाशिकला परत आला, हिंडूफिरू लागला, दुकानातही बसायला लागला. सहा-सात महिन्यांनी बारीक ताप, जुलाब, भूक गेलेली, पांढऱ्या पेशी उतरलेल्या. इथे आधी डेंगी, मग टायफॉइड असं सगळं तपासून झालं. शेवटी चेन्नईच्या टीमने फोनवरच सांगितलं, सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूचा पीसीआर करा, रक्तात तो किती आहे ते मोजणारी तपासणी. तो भरपूर वाढलेला निघाला. शिरेतून गॅन्सिक्लोव्हिर, नंतर व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या गोळ्या, आणि त्यातून तो बरा झाला.

आता वार्षिक अँजिओग्राफी झाली. रिपोर्टमध्ये 'सीएव्ही १' लिहिलंय, म्हणजे नव्या हृदयाच्या कोरोनरी धमन्यांत सौम्य आजार. डॉक्टर म्हणाले घाबरू नका, औषधं बदलू, आणि जाता जाता म्हणाले की त्या विषाणूचाही यात हात असू शकतो. तेव्हापासून वहिनीने डोक्यात घेतलंय की बालवाडीतल्या लेकाची सर्दी दादाला लागली आणि त्यातून हे सगळं झालं.

विषाणूमुळे हृदयाच्या धमन्या खरंच अरुंद होतात का? दादाला छातीत कधी दुखलेलं नाही, मग हे कितपत गंभीर समजायचं? आणि ब्लॉकेजच आहे तर स्टेंट टाकून मोकळे का होत नाहीत? हृदय देणारा मुलगा पंचविशीतला होता हो, त्याच्या धमन्यांत ब्लॉकेज आलं कुठून?

निरागस_नारद | सोमवार, सकाळी ११:३०

वाचतोय. दादांना मनापासून शुभेच्छा.

खानदेशी_ठसका | सोमवार, दुपारी १२:०५

आमचंही हृदय बदलून मिळतं का विचारलं होतं, तर बायको म्हणाली आधी होतं का ते तपासून घ्या. हलके घ्या ताई. जाणकार येतीलच. डॉ_अवलिया, कुठे आहात?

डॉ_अवलिया | सोमवार, रात्री ९:४८

आलो. आधीच सांगतो, मी हृदयाचा डॉक्टर नाही, सूक्ष्मजीवशास्त्रवाला आहे. सीएमव्हीचे पीसीआर करणं हा रोजचा धंदा, म्हणून या रुग्णांशी संबंध येतो. दादांचा उपचार त्यांच्या टीमनेच ठरवायचा. इथे फक्त समजून घेण्यापुरतं.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. केप टाऊनला ख्रिश्चन बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं हे सगळ्यांना माहीत असतं. तो रुग्ण १८ दिवसांनी न्यूमोनियाने गेला. खरा शिकवणारा रुग्ण दुसरा : फिलिप ब्लायबर्ग, व्यवसायाने दंतवैद्य, शस्त्रक्रिया २ जानेवारी १९६८. ते १९ महिने जगले. दाता २४ वर्षांचा तरुण होता. शवविच्छेदनात त्या तरुण हृदयाच्या कोरोनरी धमन्या भयंकर अरुंद झालेल्या सापडल्या. म्हणजे तुमचा प्रश्न १९६९ पासून विचारला जातोय.

दात्याच्या धमन्या निरोगीच असतात. पण धमनीचं आतलं अस्तर, एंडोथेलियम, हे दात्याच्या पेशींचं असतं आणि दादांचं रक्त अहोरात्र त्याच्यावरून वाहतं. प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असली तरी पूर्ण झोपलेली नसते. अस्तराला बारीक बारीक इजा होत राहते, त्याला उत्तर म्हणून आतल्या थरात स्नायुपेशी सरकतात, वाढतात, आणि थर जाड होत जातो. यालाच कार्डियाक अॅलोग्राफ्ट व्हॅस्क्युलोपथी म्हणतात, सीएव्ही. नेहमीचं ब्लॉकेज म्हणजे घाटात एका वळणावर कोसळलेली दरड, ती काढता येते. इथे अख्खा रस्ताच दोन्ही अंगांनी आत सरकत येतो, पार पाड्यांपर्यंतच्या पायवाटांसह. म्हणून स्टेंटचा उपयोग मर्यादित. एखाद्या ठिकाणी जास्त अरुंद असेल तर टाकतात, पण मूळ आजार थांबत नाही आणि बारीक फांद्यांत स्टेंट जातही नाही.

हे दुर्मिळही नाही. आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार पहिल्या वर्षात साधारण ८ टक्के, ५ वर्षांत ३० टक्क्यांच्या आसपास आणि १० वर्षांत जवळपास निम्म्या रुग्णांच्या अँजिओग्राफीत काही ना काही दिसतं. त्यातही 'सीएव्ही १' ही सर्वांत खालची पायरी : डाव्या मुख्य धमनीत ५० टक्क्यांहून कमी, इतरत्र ७० टक्क्यांहून कमी, आणि हृदयाचं काम शाबूत.

छातीत न दुखण्याचं कारण साधं आहे. दात्याच्या शरीरातून काढताना हृदयाच्या नसा कापल्या जातात आणि नव्या जागी त्या जोडत नाहीत. काही जणांत बऱ्याच वर्षांनी थोड्याफार परत वाढतात, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्यामुळे 'दुखत नाही म्हणजे ठीक आहे' हा हिशेब इथे बाद. दम लागणं, पायांवर सूज, चक्कर, ठोके चुकणं अशा वाटेने आजार कळतो, किंवा थेट तपासणीत. म्हणूनच दर वर्षी अँजिओग्राफी.

विषाणूचं उद्या लिहितो, तो मोठा विषय आहे.

कोकणकन्या | सोमवार, रात्री १०:१५

घाटाचं उदाहरण समजलं डॉक्टर. कशेडीत दोन-दोन तास अडकलेल्या माणसाला तर लगेचच समजलं. :)

शिवाजीपार्ककर | मंगळवार, सकाळी ७:२०

डॉ. अवलियांनी केप टाऊन काढलंच आहे तर थोडं अवांतर. बर्नार्डनंतर अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, आपल्या परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपण केलं होतं. रुग्ण काही तासांतच गेला. मेंदुमृत्यूचा कायदा नाही, प्रतिकारशक्ती आवरणारी धड औषधं नाहीत, आणि त्या काळात हे धाडस! आमच्या काकांचं शिक्षण तिथलं, त्यांच्या तोंडून सेनसरांच्या श्वानप्रयोगशाळेच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. पुढे अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली आला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. मुंबईला मात्र २०१५ च्या ऑगस्टपर्यंत थांबावं लागलं. तेव्हा पुण्याहून हृदय विमानाने आणून मुलुंडला बसवलं होतं. मधली ४७ वर्षं मुंबईत शून्य.

सरळमार्गी | मंगळवार, सकाळी ९:०२

शिवाजीपार्ककर, माहिती छान, पण धागा विषाणूचा आहे. :)

मूळ मुद्द्यावर माझी शंका. मी वैद्यकातला नाही, आकडेवारीतला आहे. ज्यांचं शरीर नवं हृदय नाकारू पाहतं त्यांना स्टेरॉइडचा मारा जास्त मिळणार. प्रतिकारशक्ती अधिक दबणार. मग सीएमव्ही डोकं वर काढणार. आणि नाकारण्याच्या झटक्यांनी धमन्या खराब होतात हे तर वर आलंच आहे. म्हणजे विषाणू आणि धमन्यांचा आजार दोन्ही एकाच तिसऱ्या कारणाची लेकरं असू शकतात. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीने दुसरी केली असं होत नाही. त्या डॉक्टरांनी जाता जाता एक वाक्य टाकलं आणि एका घरात अपराधभाव घुसला. असं बोलताना जपून बोलावं.

वहिनीसाहेब_सातारा | मंगळवार, सकाळी ९:४०

सरळमार्गींना +१. बाईने आधीच नवऱ्याच्या उशाशी रात्री काढलेल्या असतात, वर हे.

डॉ_अवलिया | मंगळवार, रात्री १०:३१

सरळमार्गी, शंका अगदी बरोबर आहे, या क्षेत्रातला जुना वादच तो आहे. पण दुसरी बाजूही ऐका.

१९८९ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या हृदयशल्यविशारद शमवे यांच्या गटाने सुमारे ३०० रुग्णांचा अभ्यास जामा नियतकालिकात छापला. सीएमव्ही झालेल्यांत नाकारण्याचे झटके जास्त आणि कोरोनरीचा आजारही जास्त. हा नुसता संबंध, कारण नव्हे. मान्य. मग प्रयोगशाळेत प्रश्न असा विचारला गेला की हा विषाणू धमनीत करतो तरी काय. तो एंडोथेलियमच्या पेशींत आणि रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींत वस्ती करतो. अस्तराच्या पेशींवर परकेपणाच्या खुणा अधिक ठळक करतो, म्हणजे नाकारण्याला खतपाणी. नायट्रिक ऑक्साइड कमी करतो, त्यामुळे धमनी नीट सैलावत नाही. आणि त्याच्याजवळ यूएस२८ नावाचं एक प्रथिन आहे, ज्याच्यामुळे स्नायुपेशी जागा सोडून सरकायला लागतात. आतला थर जाड होण्यात नेमकं हेच घडतं. उंदरांच्या प्रत्यारोपणात सीएमव्ही दिला की धमन्या लवकर खराब होतात, हेही दिसलंय.

सर्वांत महत्त्वाचा पुरावा म्हणजे विषाणू दाबून पाहणं. १९९२ साली १४९ रुग्णांवर चाचणी झाली, ऑपरेशननंतर लगेच २८ दिवस गॅन्सिक्लोव्हिर विरुद्ध नुसतं सलाइनसारखं बनावट औषध. काही वर्षांनी त्याच रुग्णांच्या अँजिओग्राफी पुन्हा तपासल्या. गॅन्सिक्लोव्हिर घेतलेल्यांत धमन्यांचा आजार कमी दिसला. पण, आणि हे तुमच्यासाठी, सगळे रुग्ण एकत्र धरले तर तो फरक आकडेशास्त्राच्या कसोटीवर पक्का उतरला नाही. कॅल्शियम ब्लॉकर, म्हणजे रक्तदाबाच्या एका प्रकारच्या गोळ्या, न घेणाऱ्यांच्या गटात मात्र उतरला. शिवाय हा हिशेब मागाहून मांडलेला.

माझं मत : सीएमव्ही एकटा हा आजार करत नाही. मूळ भांडण दादांच्या प्रतिकारशक्तीचं आणि परक्या अस्तराचं आहे, विषाणू ते पेटतं ठेवतो. रिपोर्टमधली ओळ विषाणूमुळेच आली का, हे एका माणसाबाबत कोणी सांगू शकणार नाही.

आता वहिनींसाठी, हे त्यांना वाचून दाखवा. सीएमव्ही म्हणजे सर्दीचा विषाणू नव्हे, तो नागिणीच्या विषाणूचा भाऊबंद. आपल्याकडे बहुतेक प्रौढांच्या अंगात तो लहानपणापासूनच झोपलेला असतो, लाळेतून, आईच्या दुधातून आलेला. प्रत्यारोपणाची औषधं सुरू झाली की तो जागा होतो, किंवा दात्याच्या हृदयाबरोबर येतो. तुमच्या भावाच्या रक्तात आधीपासून प्रतिपिंडं होती का, ते ऑपरेशनपूर्व कागदांत लिहिलेलं असेल. दाता पॉझिटिव्ह आणि घेणारा निगेटिव्ह ही सर्वांत धोक्याची जोडी, ती पाश्चात्त्य देशांत खूप दिसते, आपल्याकडे प्रौढांत कमी. आणि सहा-सात महिन्यांनी येणं हेही नेहमीचंच : प्रतिबंधक गोळ्या साधारण तीन ते सहा महिने देतात आणि त्या थांबल्यावर विषाणू उसळतो. लेकाच्या शेंबडाचा याच्याशी काडीचा संबंध जोडू नका.

सरळमार्गी | मंगळवार, रात्री ११:१०

उत्तम प्रतिसाद. 'मागाहून मांडलेला हिशेब' हे स्वतःहून सांगितल्याबद्दल विशेष. माझी शंका पूर्ण गेली नाही, पण निम्मी गेली.

बे_एरियातली_मावशी | बुधवार, पहाटे ५:१८

स्टॅनफर्डचं नाव आलं म्हणून लॉग-इन झाले. मी मूळची चिपळूणची, इथे पालो आल्टोजवळ दुसऱ्या एका रुग्णालयात प्रत्यारोपण विभागात परिचारिका होते, आता निवृत्त. नॉर्मन शमवे यांचं काम म्हणजे आमच्या पिढीची पाठ्यपुस्तकं. बर्नार्ड प्रसिद्ध झाले, पण कुत्र्यांवर वर्षानुवर्षं शस्त्रक्रिया बसवून ठेवली ती शमवे आणि लोअर यांनी. १९६८-६९ मध्ये जगभर प्रत्यारोपणांची लाट आली, माणसं पटापट जायला लागली आणि बहुतेकांनी नाद सोडला. स्टॅनफर्डने सोडला नाही. गळ्याच्या शिरेतून बारीक चिमटा घालून हृदयाचा तुकडा काढायची पद्धत तिथेच सत्तरच्या दशकात बसली, आजही दादांची बायोप्सी तशीच होत असणार. मग १९८३ मध्ये सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध बाजारात आलं आणि गाडी रुळावर आली.

माणसं पहिलं वर्ष ओलांडायला लागली तेव्हा खरं तर हा धमन्यांचा आजार मोठा झाला. आधी तो दिसायला रुग्ण तेवढे जगतच नव्हते.

एक गंमत सांगते. कॅल्शियम ब्लॉकरचा उल्लेख डॉक्टरांनी केला. त्यातलंच डिल्टियाझेम घेणाऱ्या प्रत्यारोपितांच्या धमन्या कमी अरुंद होतात असं १९९३ मध्ये छापून आलं. आणि तेच औषध सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी चढवतं, म्हणून डोस कमी लागायचा, पैसे वाचायचे. आमच्याकडे कितीतरी जण या दोन्ही कारणांनी ते घ्यायचे.

खानदेशी_ठसका | बुधवार, सकाळी ८:३०

एका गोळीत दोन कामं आणि वर पैशांची बचत! हे औषध नक्की कुण्या जळगावच्या माणसाने शोधलं असणार.

तेजस्विनी_प | बुधवार, सकाळी १०:५५

मी स्वतः प्रत्यारोपित आहे, आठेक वर्षं होतील. सहसा यावर लिहीत नाही, पण गोदाकाठताईंचं वाचून राहवलं नाही.

मलाही सीएमव्ही झाला होता. माझा आतड्यात बसला होता, कोलोनोस्कोपीत कळलं. आजारापेक्षा गोळ्यांनी जास्त छळलं. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर पांढऱ्या पेशी पाडतं, प्रतिकारशक्ती दाबणारं मायकोफेनोलेटही पाडतं आणि विषाणू स्वतःही पाडतो. तिघं मिळून माझ्या पेशी इतक्या खाली नेल्या की मायकोफेनोलेट काही दिवस बंद करावं लागलं. मग नाकारण्याची भीती. डॉक्टर ही कसरत करत असताना घरच्यांनी 'अशक्तपणा आहे, गोळी आज राहू दे' असं करू नये. माझ्या आईने एकदा केलं होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी माझाही सीएव्ही १ आला. आज किती? अजून १ च. टीमने एव्हरोलिमस सुरू केलं, तेही प्रतिकारशक्ती दाबणारंच, कोलेस्टेरॉलचं स्टॅटिन होतंच. एव्हरोलिमसने तोंड येतं, भयंकर येतं, ट्रायग्लिसराइड वाढतात, आणि कुठली शस्त्रक्रिया असेल तर जखम भरायला वेळ लागतो म्हणून आधी सांगावं लागतं. दाताच्या डॉक्टरलाही मी आधी तेच सांगते.

आणि दादांना सांगा, बसल्या जागी ठोके ९०-१०० असणं आपल्यात नॉर्मल आहे. ठोके आवरणारी नसच कापलेली असते. जिना चढताना ठोके उशिरा वाढतात आणि बसल्यावर उशिरा उतरतात. मी चालायला निघण्याआधी पाच-दहा मिनिटं घरातच अंग गरम करते. गावच्या दवाखान्यात एका नव्या डॉक्टरने माझी नाडी बघून मला पॅनिक अॅटॅक ठरवलं होतं.

गोदाकाठ | बुधवार, दुपारी १:२०

तेजस्विनी, तुमचा प्रतिसाद दादाला फोनवर वाचून दाखवला. तो इतकंच म्हणाला, 'आठ वर्षं? परत वाच.'

डॉक्टर, तुमचं वहिनीला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी लेकाला बापाच्या मांडीवर बसू दिलं, महिनाभर लांब ठेवत होती. ऑपरेशनपूर्व कागद काढले. दादा आधीपासून पॉझिटिव्ह, दाताही पॉझिटिव्ह.

सातपुडा_सरबत | बुधवार, संध्याकाळी ६:४४

एवढी जहाल औषधं घेऊन प्रतिकारशक्ती मारायची आणि मग विषाणू आला म्हणून आणखी जहाल औषधं. मूळ प्रतिकारशक्तीच वाढवली तर? गुळवेल, अश्वगंधा, तुळशीचा काढा. कोरोनात आमच्या अख्ख्या घराने घेतला, एकालाही काही झालं नाही. विचार व्हावा.

तेजस्विनी_प | बुधवार, संध्याकाळी ६:५९

नको. नको. नको. प्रतिकारशक्ती वाढली की ती पहिला हल्ला माझ्या हृदयावर करेल. ती दाबून ठेवण्यासाठी मी सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून टॅक्रोलिमस घेते.

डॉ_अवलिया | बुधवार, रात्री ९:१५

सातपुडा_सरबत, तुमच्या घरच्या काढ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. प्रत्यारोपण झालेल्या माणसाला मात्र तो देऊ नका, हे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण हा धागा उद्या कोणीतरी शोधून वाचेल. कोरोनाकाळात गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. त्यावर वाद झाला, आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. तो वाद बाजूला ठेवला तरी, जी वस्तू प्रतिकारशक्ती जागवते म्हणून विकली जाते ती प्रत्यारोपिताने घेऊ नये, एवढं समजायला यकृततज्ज्ञ लागत नाही.

सातपुडा_सरबत | बुधवार, रात्री ९:४०

आयुर्वेदाचं नाव काढलं की सगळे तुटून पडतात. चालू द्या.

संपादक मंडळ | बुधवार, रात्री १०:०२

आयुर्वेद विरुद्ध अॅलोपथी यासाठी आधीच धागे आहेत, तिथे जावे. इथले पुढचे तीन प्रतिसाद काढले आहेत. कोणीही इथे वाचून औषध सुरू वा बंद करू नये.

कोकणकन्या | गुरुवार, सकाळी ८:११

काय घ्यावं, काय घेऊ नये यावरून आठवलं. आमच्या शेजाऱ्यांना किडनी बसवली तेव्हा ग्रेपफ्रूट खायचं नाही असं लिहून दिलं होतं. ते म्हणाले, आमच्या सात पिढ्यांत कोणी ग्रेपफ्रूट पाहिलेलं नाही, तेव्हा निर्धास्त. आणि परसात पपनसाचं झाड! पपनसही चालत नाही म्हणे?

बे_एरियातली_मावशी | गुरुवार, सकाळी ९:०३

बरोबर, पपनस त्याच्याच जवळचं. त्यातली द्रव्यं टॅक्रोलिमस मोडणाऱ्या आतड्यातल्या यंत्रणेला अडवतात आणि रक्तातली पातळी एकदम चढते, मूत्रपिंडाला त्रास होतो. गणपतीत नैवेद्याला पपनस असतंच, तेव्हा घरच्यांनी लक्ष ठेवायचं. संत्रं-मोसंबीला अडचण नाही, तरी आपल्या टीमला विचारून.

इंजिनीयर_बाबू | गुरुवार, सकाळी ११:३०

एक तांत्रिक प्रश्न. सगळीकडे सारखाच जाड थर आला तर अँजिओग्राफीत दिसणार कसा? ती तर आतली पोकळी दाखवते. शेजारच्या रुंद भागाशी तुलना करायची म्हटली तर शेजारचा भागही तेवढाच अरुंद.

डॉ_अवलिया | गुरुवार, रात्री १०:२०

बाबू, वर्मावर बोट ठेवलंत. साध्या अँजिओग्राफीचा हाच दोष. म्हणून अनेक केंद्रं धमनीच्या आत अल्ट्रासाउंडची तार घालून थराची जाडी मोजतात, आयव्हीयूएस. पहिल्या वर्षात थर ०.५ मिमी किंवा अधिक वाढला तर पुढची वाट खडतर, असं त्यातून कळलं. औषधांच्या चाचण्याही याच मोजमापावर झाल्या. २००३ ची एव्हरोलिमसची मोठी चाचणी, ६३४ रुग्ण, अॅझाथायोप्रिन या जुन्या औषधाशी तुलना : एव्हरोलिमसवाल्यांत थर कमी वाढला. आणि सरळमार्गी, इकडे बघा, त्याच चाचणीत एव्हरोलिमसवाल्यांना सीएमव्हीही कमी झाला. या औषधाच्या बाबतीत हे पुढेही पुन्हा पुन्हा दिसलं.

सरळमार्गी | गुरुवार, रात्री १०:४१

आणि मी म्हणणार, औषध स्नायुपेशींची वाढ थेटच रोखतं, त्यामुळे धमन्या सुधारल्या त्या विषाणू कमी झाल्याने की थेट औषधाने, हे यातून सुटत नाही. :)

डॉ_अवलिया | गुरुवार, रात्री १०:५०

म्हणणारच हे माहीत होतं. :) बरोबरच आहे. पण रुग्णाला त्याने काय फरक पडतो? दोन्ही कमी होताहेत. स्टॅटिनचंही तसंच. १९९५ साली लॉस एंजेलिसच्या गटाने प्रत्यारोपणानंतर लगेच प्रवास्टॅटिन दिलं, तर कोलेस्टेरॉल उतरलंच, शिवाय नाकारण्याचे गंभीर झटके कमी झाले, धमन्यांचा आजार कमी झाला आणि माणसं जास्त जगली.

निरागस_नारद | शुक्रवार, सकाळी ७:५०

फक्त सीएमव्हीच का? बाकीचे विषाणू साधुसंत आहेत का?

डॉ_अवलिया | शुक्रवार, रात्री ८:१२

नाहीत. लहान मुलांच्या प्रत्यारोपणात अॅडिनोव्हायरस बदनाम आहे. बायोप्सीच्या तुकड्यात विषाणूचा अंश सापडलेल्या मुलांचं बसवलेलं हृदय पुढे निकामी होण्याचं प्रमाण जास्त, असं २००१ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं. पार्व्होव्हायरसवरही संशय आहे. पण पुराव्याचं वजन सीएमव्हीकडेच सर्वांत जास्त, शिवाय त्याच्यावर औषध आहे, म्हणून सगळं लक्ष तिकडे.

गोदाकाठ | रविवार, संध्याकाळी ५:३०

चेन्नईच्या टीमशी व्हिडिओवर बोलणं झालं. इथून लिहून घेतलेले प्रश्न विचारले, डॉक्टर हसले, म्हणाले कुठून अभ्यास केलात. त्यांचंही मत डॉ. अवलियांसारखंच : विषाणूने हातभार लावला असेल, सिद्ध करता येणार नाही, आणि आता ते शोधून उपयोगही नाही. मायकोफेनोलेटचा डोस कमी करून एव्हरोलिमस सुरू करताहेत, टॅक्रोलिमसची पातळी खाली ठेवणार, स्टॅटिन चालूच. पुढच्या वेळी आयव्हीयूएस करणार आहेत. सीएमव्हीचा पीसीआर काही महिने ठरावीक अंतराने, लक्षणं नसली तरी.

एक राहिलं. पीसीआर नाशिकला एकदा एका लॅबमध्ये केला, एकदा दुसऱ्या. आकडे जुळत नाहीत. पहिल्यात कॉपीज लिहिलंय, दुसऱ्यात आययू. विषाणू वाढला की कमी झाला हेच कळेना.

डॉ_अवलिया | रविवार, रात्री ९:०५

हे दोन आकडे एकमेकांशी ताडूच नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मानक ठरवलं तेव्हापासून आययू प्रति मिलिलिटर हे एकक आलं, तरीही लॅब बदलली की आकड्यात फरक पडतोच. काही जण प्लाझ्मा वापरतात, काही अख्खं रक्त, अख्ख्या रक्तात आकडा बहुधा मोठा येतो. एकच लॅब धरा, एकाच प्रकारचा नमुना द्या, आणि एका आकड्यापेक्षा चढ-उतार बघा. उपचार चालू असूनही विषाणू उतरत नसेल तर टीमला लगेच कळवा, औषधाला दाद न देणारे विषाणू असतात आणि त्यांची जनुकीय तपासणी होते.

वहिनीसाहेब_सातारा | रविवार, रात्री ९:३०

गोदाकाठताई, फ्लूच्या लशीचं विचारलंत का? माझ्या मावसदिरांची किडनी बदललीय, त्यांना दर वर्षी देतात.

तेजस्विनी_प | रविवार, रात्री ९:४४

फ्लूची चालते, मी दर वर्षी घेते, पण इंजेक्शनवाली. नाकात फवारायची जिवंत विषाणूची असते, ती नाही. कांजिण्या, गोवर या जिवंत लशीही आपल्याला नाहीत. घरातल्या लेकराच्या लशी मात्र वेळेवर करा, कुठली केव्हा ते त्याच्या बालरोगतज्ज्ञांना 'घरात प्रत्यारोपित आहे' असं सांगून विचारा.

गोदाकाठ | रविवार, रात्री १०:०८

लिहून घेतलं. लॅब एकच ठरवली, कॉलेज रोडची, सकाळी घरी येऊन रक्त नेतात. मंगळवारी पहिला नमुना.

खानदेशी_ठसका | रविवार, रात्री १०:१५

आकडा आला की टाका इथे. आणि दादांना म्हणावं, एव्हरोलिमसने तोंड आलं तर आमच्या शेवभाजीचं निमंत्रण पुढे ढकलू, रद्द नाही.